दहा सेकंदांची जागा

माझी आई सिनेमातल्या नायिकेकडे फारसं बघायची नाही. रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर सिनेमा लागला की माहीमच्या आमच्या दोन खोल्यांत शेजारपाजारची सात-आठ माणसं येऊन बसत. सगळ्यांचे डोळे नायक-नायिकेवर, आणि आई मात्र मागे दाराशी उभ्या असलेल्या बाईकडे बघत असे. नायिकेची आई, मावशी, शेजारीण, खाणावळवाली, कुणीही. ‘पदर कसा खोचला बघ तिनं,’ असं मध्येच म्हणायची. किंवा, ‘ही खरंच ऐकतेय गं. बाकीचे आपलं वाक्य कधी येतंय म्हणून थांबलेत.’

मला तेव्हा राग यायचा. गाणं चालू असताना कुणाला मावशीचा पदर बघायचाय?

‘भूमिका’ मी टीव्हीवर पाहिला तेव्हा कॉलेजात होते. स्मिता पाटीलवरून नजर हलत नव्हती. आणि आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हटलं, ‘आता सुलभाकडे बघ.’

सुलभा म्हणजे सुलभा देशपांडे. श्याम बेनेगलांच्या त्या सिनेमात त्या उषाच्या, म्हणजे स्मिता पाटीलनं केलेल्या नायिकेच्या, आई आहेत. मुलीनं सिनेमात काम करणं या आईला पसंत नाही, मुलीनं निवडलेला माणूस तर त्याहून नाही. कागदावर ही भूमिका अगदी सरळ, विरोध करणाऱ्या आईची. हिंदी सिनेमात अशा आया शेकड्यांनी झाल्या आणि बहुतेकींना नुसतं कडक दिसायला लावलं गेलं. सुलभाताईंच्या आईत कडकपणाच्या खाली भीती दिसते. आपण जे भोगलं ते मुलीच्या वाट्याला येणार हे तिला आधीच कळलंय, आणि सांगायला तिच्याकडे शब्द नाहीत म्हणून ती चिडते. हे सगळं मला त्या दिवशी समजलं असं नाही. त्या दिवशी एवढंच झालं की, मी पहिल्यांदा मागच्या बाईकडे बघितलं. पुढे ती सवयच लागली, आणि पोटापाण्याचा धंदाही त्या सवयीतूनच सापडला. तो भाग पुढे येईल.

आईची सुलभाताईंशी ओळख नव्हती. एकदाही बोलणं झालं नाही. पण ती ‘सुलभा’ असं एकेरीच म्हणायची, बाकावर शेजारी बसलेल्या मैत्रिणीला म्हणावं तसं. मला वाटतं, त्याचं कारण दोघी शिक्षिका होत्या हे असावं. आई परळच्या एका प्राथमिक शाळेत शिकवायची. सुलभाताई, म्हणजे माहेरच्या सुलभा कामेरकर, १९३७ साली मुंबईतच जन्मलेल्या, दादरच्या छबिलदास शाळेत शिकवत. शाळेतल्या मुलांसाठी नाटकं बसवायची तर मुलांना साजेशा संहिता हव्यात, म्हणून त्यांनी विजय तेंडुलकरांना लिहायला सांगितलं. पुढे घणाघाती नाटकं लिहिणाऱ्या या माणसानं ‘राजाराणीला घाम हवा’, ‘इथे बाळे मिळतात’ अशी बालनाट्यं लिहिली, त्यामागे वर्गात उभी राहून मुलांना ताब्यात ठेवणारी एक तरुण शिक्षिका होती. ‘राजाराणी’चा तर पुढे हिंदीत मुलांचा सिनेमा झाला आणि तो सुलभाताईंनीच दिग्दर्शित केला.

शिक्षिकेच्या आवाजाविषयी आईचं एक म्हणणं होतं. शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं, पण पहिल्या बाकावरच्या पोरानं दचकता कामा नये. साठ मुलांच्या वर्गात सहा-सहा तास हे केलं की गळा आपोआप घडतो. सुलभाताईंचा आवाज तसा होता. त्या रंगमंचावर कधी ओरडल्यासारख्या वाटल्या नाहीत आणि त्यांचा एक शब्दही वाया गेला नाही.

१९६० साली मुंबईत ‘रंगायन’ हे प्रायोगिक नाटकवाल्यांचं मंडळ सुरू झालं. विजया मेहता, तेंडुलकर, श्रीराम लागू, अरविंद देशपांडे अशी माणसं. सुलभाताई त्यात आल्या, अरविंद देशपांडे त्यांचे पती झाले, आणि १९६७च्या डिसेंबरात अरविंदांच्या दिग्दर्शनाखाली तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ उभं राहिलं. लीला बेणारे : सुलभा देशपांडे.

हे नाटक माहीत नसलेला मराठी वाचक विरळा. तरी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मुंबईतली एक हौशी मंडळी गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला येतात. रात्रीच्या प्रयोगाला अवकाश आहे म्हणून गंमत म्हणून एक खटला भरवायचा ठरतं. आरोपी म्हणून उभी केली जाते त्यांच्यातलीच लीला बेणारे, शाळेतली शिक्षिका. आरोप भ्रूणहत्येचा. खेळता खेळता खेळ खरा होत जातो. अविवाहित बेणारेला दिवस गेलेत, जबाबदार असलेला विद्वान माणूस त्या दिवशी आलेलाच नाही, आणि ज्यांच्याबरोबर ती प्रवास करून, हसत-गात आली ती सगळी माणसं एकेक करून तिचं आयुष्य उलगडून टेबलावर ठेवतात. पहिल्या अंकात हीच बाई किती मोकळी असते! शाळेची पहिली घंटा होते तेव्हा आपला पाय उंबऱ्यात असतो, इतक्या वर्षांत उशिराचा ठपका नाही, असं ती अभिमानानं सांगते. ती घंटेची गोष्ट प्रेक्षक विसरून जातो. तेंडुलकर विसरत नाहीत. शेवटी जे जातं, त्यात ती शाळाही जाते.

निकालाआधी न्यायाधीश घड्याळ समोर धरतो आणि आरोपीला बोलायला वेळ देतो. दहा सेकंद.

त्या दहा सेकंदांत बाकी सगळे जागच्या जागी गोठतात आणि बेणारे बोलते. आयुष्य, प्रेम, शरीर, मुलांचं निरागसपण, सगळं बाहेर येतं. लांबलचक स्वगत आहे ते. मग घड्याळाचा वेळ पुन्हा सुरू होतो आणि न्यायाधीशाच्या हिशेबी आरोपी काहीच बोललेली नसते. पोटातला जीव नष्ट करण्याची शिक्षा सुनावली जाते.

आईनं हे नाटक लग्नाआधी पाहिलं. सुलभाताईंची बेणारे स्वगताच्या वेळी रडली नाही, असं ती सांगायची. ‘वर्गात शिकवल्यासारखी बोलली,’ हे तिचे शब्द. मुलांना समजावून सांगताना शिक्षिका जशी सावकाश, एकेक मुद्दा मोकळा करत जाते, तशी. आणि मध्येच एखाद्या वाक्याआधी किंचित थांबली. ‘तिथं जागा काढली तिनं.’

जागा काढणं. गाणाऱ्याच्या बाबतीत आपण म्हणतो, अमुक ठिकाणी काय जागा घेतली. नटांच्या बोलण्यातही हा शब्द आहे, भूमिकेतल्या जागा. संहितेत त्या लिहिलेल्या नसतात. दोन वाक्यांमध्ये, किंवा दुसऱ्याच्या वाक्याखाली, नटाला त्या दिसतात किंवा दिसत नाहीत. मुंबईत हाच शब्द दिवसभर आणखी एका अर्थानं कानावर पडतो. जागा मिळाली का, जागा केवढी, जागेचे भाव काय, सरका जरा, जागा द्या. मला या दोन अर्थांचं नातं सुलभाताईंमुळे उमजलं.

‘रंगायन’ फुटल्यावर १९७१मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था सुरू केली. त्याच वर्षी ‘शांतता’वर सिनेमाही झाला. दिग्दर्शक सत्यदेव दुबे, कॅमेरा गोविंद निहलानींचा, अमोल पालेकरांचा पहिला सिनेमा, आणि बेणारे अर्थातच सुलभाताई. ज्यांना नाटक बघायला मिळालं नाही त्यांच्यासाठी तो सिनेमा हा एक दस्तऐवज आहे, पण माझ्या मनात तो नेहमी दुसऱ्या नंबरावर राहिला. कॅमेऱ्यानं जवळ जाऊन चेहरा दाखवला की ती गोठलेली माणसं नजरेआड होतात. रंगमंचावर ती पूर्ण वेळ समोर असतात, न ऐकणारी. त्यांच्यामुळेच तर ते स्वगत असह्य होतं.

‘आविष्कार’नं आरंभी गिरीश कार्नाडांचं ‘तुघलक’ मराठीत केलं, अरुण सरनाईकांना घेऊन. भव्य काम होतं ते. पण प्रायोगिक नाटकाला मोठ्या नाट्यगृहाचं भाडं परवडत नाही. आठवड्याला एक प्रयोग, त्याला शंभर-दीडशे प्रेक्षक, त्यातले निम्मे ओळखीचे. तालमीला जागा नाही, प्रयोगाला जागा नाही, सेट ठेवायला जागा नाही. अशा वेळी, १९७४मध्ये, सुलभाताई जिथे शिकवत त्याच छबिलदास शाळेचं सभागृह नाटकांसाठी मिळालं. शाळा सुटल्यावर तिथे नाटक सुरू होई. पुढची जवळजवळ दोन दशकं मराठी नाटकाच्या इतिहासात ‘छबिलदास चळवळ’ म्हणून ओळखली जातात. एका शाळेच्या हॉलवरून नाट्यचळवळीला नाव पडावं, असं जगात फार ठिकाणी झालं नसेल.

मी सहा-सात वर्षांची असल्यापासून आईबरोबर तिथे जायचे. दादर स्टेशनच्या पश्चिमेला उतरायचं, फुलवाल्यांच्या आणि भाजीवाल्यांच्या गर्दीतून वाट काढायची, छबिलदासच्या गल्लीतल्या वड्याच्या वासाशी थोडा वेळ घुटमळायचं, आणि जिना चढायचा. वर साधा हॉल. पंखे, ट्यूबलाइटी, शाळेच्या भिंतींचा तो विशिष्ट रंग. पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या. आम्ही सतरंजीवर. नट इतके जवळ की त्यांच्या कपाळावरचा घाम दिसे. मधूनच खालून गाडीचा भोंगा, विक्रेत्याची आरोळी, आणि नट त्यावर आवाज न चढवता पुढे बोलत राहायचे. मला नाटकं कळत नसत. काही नाटकांत तर माणसं नुसती चालत होती. बऱ्याचदा मी आईच्या मांडीवर झोपून जायचे. पण रोहिणी हट्टंगडींची ‘चांगुणा’ मला झोपू न देता कुठल्या तरी भीतीत घेऊन गेली हे पक्कं आठवतंय. मूल हवं असलेल्या बाईचं ते दुःख सात-आठ वर्षांच्या मुलीला कळायचं कारण नव्हतं, तरी छातीवर दडपण आलं होतं.

ती जागा ‘आविष्कार’नं फक्त स्वतःसाठी ठेवली नाही, ही मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. इतर संस्थांची नाटकं तिथे झाली, नवखे लेखक, नवखे दिग्दर्शक तिथे पडले-उठले. मुंबईत चार माणसांच्या घरात पाहुणा आला की गादी कशी टाकायची याची चर्चा होते. इथे एका संस्थेनं मिळालेली गादी सगळ्यांना पसरून दिली. आणि हे करताना सुलभाताईंचं स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत कुठे लागलेलं मला आठवत नाही. बेणारे केलेली नटी. तिनं व्यावसायिक रंगभूमीवर जाऊन फक्त नायिका केल्या असत्या तरी कुणी काही म्हटलं नसतं.

मुलांसाठीची ‘चंद्रशाला’ ही ‘आविष्कार’चीच शाखा. ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य मी मे महिन्याच्या सुट्टीत पाहिलं. रंगमंच मुलांनी भरून वाहत होता. माझ्याच वयाची इतकी मुलं, आणि एकही मूल चुकीच्या जागी नाही. मी घरी येऊन चार दिवस गच्चीवर नाचत होते. त्या मुलांना शिस्त कुणी लावली असेल याचा विचार तेव्हा केला नव्हता. आई म्हणाली, ‘ते सुलभाचं काम. शिक्षिकाच लागते त्याला.’

आता माझ्या धंद्याविषयी. लग्नानंतर काही वर्षं मी मालिकांच्या सेटवर कंटिन्युइटी सांभाळायचे. गोरेगाव, मढ, मीरा रोड, असे बंगले आणि गाळे. काम असं की, एका शॉटमध्ये पदर डाव्या खांद्यावर असला तर दुसऱ्या शॉटमध्ये तो तसाच हवा, चहाचा कप निम्मा असेल तर निम्माच. सीन एका दिवशी अर्धा होतो, उरलेला तीन आठवड्यांनी, आणि मधल्या काळात बांगड्या बदललेल्या असतात. माझ्या वहीत बांगड्या, टिकल्या, चष्मे, दाराच्या कड्या असायच्या.

तिथे मी चरित्र अभिनेत्री जवळून पाहिल्या. मराठीत चरित्र म्हणजे आख्खं आयुष्य, आणि या बायकांना मिळतात चार वाक्यं. सकाळी सातला गाडीत बसून येतात, स्वतःच्या पिशवीत स्वतःची दोन सुती लुगडी, गंगावन, चष्मा, थर्मास. दुपारी चारपर्यंत नंबर लागत नाही. मग नायिकेची सोय बघून सीन उरकतो. पैसे ९० दिवसांनी, तेही विचारावे लागतात. नायिकेचा क्लोजअप घेताना कॅमेऱ्याकडे पाठ करून, खांद्याचा एक तुकडा फ्रेममध्ये ठेवून उभं राहायचं, त्याला सेटवर ‘सजेशन’ म्हणतात. कितीतरी जणी सजेशनला उभ्या राहताना वाक्यं सपाट म्हणून टाकतात. चेहरा दिसणारच नाही तर कशाला?

रंगभूमीवरून आलेली एक वयस्कर बाई होती. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. सासूचं काम करायची. एका सीनमध्ये सून घर सोडून जायचं सांगते आणि सासू मटार सोलत बसलेली आहे. सासूला तीन वाक्यं. बाईनं आधी टोपलीत हात घालून पाहिलं, शेंगा खऱ्या आहेत का. होत्या. मग तिनं प्रत्येक रिहर्सलला शेंगा सोलायला सुरुवात केली आणि मी घाबरले, कारण दर टेकला ताटलीत किती दाणे हा हिशेब माझ्या गळ्यात. मी म्हटलं, ‘ताई, नुसतं हाताळा ना, सोलू नका, जुळणार नाही.’ तिनं मला शेजारी बसवलं. म्हणाली, ‘लिही. ती “आई” म्हणाली की पहिली शेंग फोडते. “मी जाते” म्हणाली की हात थांबतो, शेंग हातातच. मी बोलते तेव्हा ती शेंग तशीच. तिचं बोलणं संपलं की फोडते, दाणे काढते, पण ताटलीत टाकत नाही.’

अकरा टेक झाले. अकराही वेळा शेंग त्याच अक्षरावर थांबली. आणि नायिकेच्या क्लोजअपला, जिथे या बाईचा फक्त खांदा दिसणार होता, तिथेही ती खाली शेंग सोलत होती आणि तिथेच थांबत होती. ते थांबणं समोरच्या तरुण मुलीला दिसत होतं. त्या मुलीचा चेहरा त्या क्षणी खरोखर बदलायचा. सीन लागला तेव्हा सगळ्यांनी त्या मुलीच्या अभिनयाचं कौतुक केलं. ते योग्यच होतं. पण ते कुठून आलं हे माझ्या वहीत लिहिलेलं होतं.

त्या दिवसानंतर मी सुलभाताईंचे सिनेमे पुन्हा काढून पाहिले, कंटिन्युइटीच्या डोळ्यांनी. ‘गमन’, ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’, पुन्हा एकदा ‘भूमिका’. त्या काळच्या समांतर सिनेमातली अनेक माणसं छबिलदासच्या आणि दुबेंच्या तालमींतून आली होती आणि ते पडद्यावर दिसतं, ही माणसं एकमेकांचं ऐकतात. सुलभाताई फ्रेममध्ये असल्या की समोरचा नट सैल होतो असं मला जाणवलं. हा माझा समज असेल, पण मी तो सोडणार नाही. वर्गात शिक्षिका जशी एखाद्या बुजऱ्या मुलाला उत्तर येईपर्यंत थांबते, घाई करत नाही आणि त्याच्यावरची नजरही काढत नाही, तशी ती नजर आहे. समोरच्याला जागा करून देणारी.

१९८७च्या जानेवारीत अरविंद देशपांडे गेले. सुलभाताईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तोही १९८७चाच. या दोन गोष्टी एका ओळीत लिहायला मला संकोच वाटतो. त्या वर्षी त्यांच्या घरात काय असेल याची कल्पना करायचा मला हक्क नाही. दिसलं एवढंच की ‘आविष्कार’ थांबली नाही. छबिलदास पुढे सुटलं, संस्था माहीमच्या महापालिका शाळेत गेली, पुन्हा शाळाच. माहीम आमचंच असल्यानं आई निवृत्तीनंतर तिथे चालत जायची. काकडेकाका हाती तिकिटं घेऊन दाराशी दिसायचे. ‘वाडा चिरेबंदी’ आणि पुढची दोन नाटकं सलग, नऊ तासांची, करायची हिंमत १९९४मध्ये याच संस्थेनं केली. अरविंदांच्या नावानं दर वर्षी नाट्यमहोत्सव होऊ लागला. सुलभाताई मालिका करत होत्या, सिनेमे करत होत्या, आणि दर वेळी आई टीव्हीसमोर बसून फक्त त्यांची वाक्यं ऐकून उठायची.

‘इंग्लिश विंग्लिश’ २०१२च्या ऑक्टोबरात आला तेव्हा मी आईला दादरला घेऊन गेले. तिला तेव्हा गुडघ्यांचा त्रास सुरू झाला होता, बाल्कनीच्या पायऱ्या सावकाश चढलो. श्रीदेवीची सासू म्हणजे सुलभाताई. पंचाहत्तरीची बाई. काम छोटं आहे. घरात सगळे सुनेच्या इंग्रजीची टिंगल करत असताना ही सासू टिंगल करत नाही, तिच्या बाजूनं आहे, आणि ते ती फारसं बोलून सांगत नाही. हॉलमधले लोक श्रीदेवीसाठी हसत होते, हळहळत होते. आई अंधारात माझ्याकडे वळून म्हणाली, ‘बेणारे जगली असती तर अशी म्हातारी झाली असती.’

मी तेव्हा काही बोलले नाही. घरी येताना टॅक्सीत विचार करत होते की आईच्या डोक्यात ती बेणारे पंचेचाळीस वर्षं वाढत होती.

आता एक गोष्ट राहिली. मी लहान असताना आई सकाळी तांदूळ निवडताना काहीतरी पुटपुटायची. लांबच लांब, मध्ये थांबे घेऊन. मला वाटायचं कविता आहे, शाळेत शिकवायची असेल. मोठेपणी ‘शांतता’ वाचलं तेव्हा ओळखलं की ते बेणारेचं स्वगत होतं, सगळंच्या सगळं. मी तिला विचारलंही होतं, ‘तुला हे पाठ कसं?’ ‘आवडलं म्हणून,’ एवढंच म्हणाली होती.

४ जून २०१६ला सुलभाताई गेल्या. ७९ वर्षांच्या होत्या. पाऊस अजून आला नव्हता, खोलीत उकडत होतं. बातमी मीच सांगितली. आई पंख्याखाली बसून मेथी निवडत होती. हातातली काडी हातातच राहिली. बराच वेळ तशीच. मग तिनं ती पानं खुडली आणि पुढची काडी घेतली आणि खाली बघतच सांगायला लागली.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा शिक्षकांच्या एका नाट्यस्पर्धेसाठी तिच्या शाळेतल्या काही जणांनी ‘शांतता’ बसवायला घेतलं होतं. बेणारे आई करणार होती. दोन महिने तालीम झाली, शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गात. बाबांना माहीत होतं, त्यांची हरकत नव्हती. मग एके दिवशी तिला कार्यालयात बोलावलं गेलं. तिथे तिच्याशी कुणी वाईट बोललं नाही. खुर्ची दिली, चहा दिला. एवढंच विचारलं, की बाई, तुम्ही मुलांना शिकवता, पालक बघायला येणार, त्यांनी तुमच्या तोंडून हे ऐकायचं का? तिच्या बाजूनं बोलायला त्या खोलीत कुणी नव्हतं. ज्यांच्याबरोबर तालीम करत होती ते दोघे तिथेच होते, खिडकीतून बाहेर बघत.

‘मग तू काय म्हणालीस?’

‘काही नाही. दुसरं नाटक बसवलं त्यांनी. विनोदी होतं.’

‘आणि तू?’

तिनं मेथीची पानं चाळणीत सारली. देठ कागदात गुंडाळले.

‘मी काय. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले,’ ती म्हणाली. ‘पहिली घंटा व्हायच्या आत.’